तारखेचं चाक

२०१४ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मिरजेत आमच्या पुढच्या सोप्यात दुपारचं ऊन यायचं. आम्ही चौघीजणी त्या उन्हात पाय सोडून बसलो होतो आणि त्रिशला आमच्यासमोर उभी राहून हात जोडत होती.

“चाचणी तुमची नाही हो, काकू. चाचणी टॅबवरच्या त्या पडद्याची आहे. तुम्ही अडखळलात तर चूक पडद्याची. काही शिकून यायचं नाही, काही पाठ करायचं नाही. येऊन बसायचं आणि मी सांगेन ती तारीख, ती वेळ बोटानं निवडायची. बास.”

“आणि नाही जमली तर?” पद्माक्कानं विचारलं.

“नाही जमली तर फारच छान! म्हणजे कुठं बिघडतंय ते मला कळेल.”

पद्माक्कानं माझ्याकडं बघितलं. नापास झालेलं चांगलं म्हणणारी मास्तरीण तिनं जन्मात पाहिली नव्हती.

त्रिशला आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. पोरगी निपाणीकडची, आमच्याच जैन समाजातली, पंचविशीची. मिरजेतल्या एका लहानशा कॉम्प्युटर कंपनीत नुकती लागली होती. कंपनीला एका मोठ्या दवाखान्याचं काम मिळालं होतं. दवाखान्याच्या दारात पाटीएवढा टॅब बसवायचा आणि पेशंटनं रांगेत उभं न राहता स्वतःच बोटानं डॉक्टरची तारीख आणि वेळ निवडायची, असं ते काम. तारीख निवडायचा पडदा त्रिशलाकडं दिला होता. तिनं साधं महिन्याचं कॅलेंडर केलं होतं. मोठाले चौकोन, वर वार, खाली वेळांची बटणं. ती बटणं आमच्या पुरणपोळीच्या लाटीएवढी होती, म्हणजे बोट कुठंही टेकलं तरी बसणार.

पण तिच्या मालकाला, निनाद सरांना, चाक आवडायचं. त्यांच्या पडद्यावर दिवसाचं एक, महिन्याचं एक, तासाचं एक, मिनिटाचं एक अशी चाकं उभी असायची. बोटानं ढकललं की आकडे गरगर वर सरकायचे, टकटक आवाज यायचा आणि मधल्या पट्टीत जो आकडा थांबेल तो आपला.

सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून त्रिशला रोज ऑफिसातून धापा टाकत घरी यायची. माझ्या स्वयंपाकघरातच भाकरी खायची. एका संध्याकाळी तिच्या हातातला घास हातातच राहिला.

“काय झालं गं?”

“अक्का, सर म्हणाले, चाक तयार मिळतं. माझं कॅलेंडर त्याच्यापेक्षा सरस ठरलं तर मी नोकरीत कायम. नाही ठरलं तर ह्या कामाला वेगळं माणूस ठेवायची गरज नाही. मार्चपासून सुट्टी.”

“मग?”

“मग गावी. बाबा बी.एड.चा अर्ज घेऊनच बसलेत.”

“आणि सरस ठरवणार कोण?”

“तुम्ही,” ती म्हणाली. “तुम्ही चौघी.”

तिनं आमच्याच महिला मंडळातल्या बायका निवडल्या होत्या, कारण दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक बायका आमच्यासारख्याच. मी, पद्माक्का, राजमती आणि शकुंतला. पाचवी बाळाक्का. पण बाळाक्का तेव्हा लेकीकडं जयसिंगपूरला गेली होती. मोतीबिंदू पिकत आला होता तिचा. परत आली की बसवू, असं ठरलं.

आता ह्यात घोळ असा होता, की वरच्या खोलीतला प्लग धड नव्हता. म्हणून त्रिशला तिचा टॅब माझ्या टीव्हीच्या कपाटावर चार्जिंगला लावून ऑफिसात जायची. जाताना रोज बजावायची, “अक्का, ह्याला कुणी हात लावायचा नाही हं. आधी बघितलं तर सगळी चाचणी वाया.”

मी हात लावला नसता. पण पद्माक्का दोन घरं सोडून राहायची.

पद्माक्का म्हणजे नवऱ्यामागं वीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेली बाई. गिरणीच्या आवाजावर ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता, की ती कानात कुजबुजली तरी गल्लीला कळायचं. दुसऱ्या दिवशी बस्तीतलं, म्हणजे आमच्या देवळातलं, शास्त्रवाचन आटोपून आली ती थेट कपाटापाशी.

“हाच का तो?”

“हात लावू नकोस. पोरीनं सांगितलंय.”

“सुमती, मला एक सांग. परीक्षा आठवड्यावर आलीय, पुस्तक घरात आहे आणि पोरीची नोकरी आपल्या बोटांवर आहे. आणि आपण अभ्यास न करता जायचं?”

“ती म्हणाली, अभ्यास करायचा नाही.”

“म्हणणारच. मास्तरीण स्वतःच्या तोंडानं पेपर फोडते होय? समजून घ्यायचं असतं आपण.”

राजमतीनं मान हलवली. शकुंतला तर चष्मा पुसून तयारच होती. तिघींपुढं मी एकटी किती टिकणार? टॅब खाली आला.

पहिल्या दिवशी आम्ही अगदी शहाण्यासारखं त्रिशलाचं कॅलेंडरच उघडलं. चौकोनावर बोट ठेवलं, चौकोन पिवळा झाला. खालच्या बटणावर ठेवलं, ते पिवळं झालं. संपलं.

“एवढंच?” राजमती म्हणाली.

“एवढंच.”

“ह्यात काही हलतच नाही की.”

मग पद्माक्कानं दुसरा, चाकाचा पडदा उघडला. आधी तिचं बोटच लागेना. आयुष्यभर पीठ चाळून तिच्या बोटांना पाणी राहिलं नव्हतं. “हे मेलं मला ओळखतच नाही,” म्हणाली. मी वाटीत ओला फडका आणून ठेवला. तिनं त्यावर बोट टेकलं आणि मग त्या चाकाला असा फटकारा मारला, की आकडे टकटकटकटक करत पळत सुटले. आम्ही चौघी पुढं वाकलो. चाक हळू झालं, अजून हळू झालं. एकोणीस, वीस, एकवीस... आणि बावीसवर थांबलं.

“मला वाटलंच होतं बावीस,” शकुंतला म्हणाली.

“तुला काय वाटलं होतं? आता म्हणतेस होय? आधी बोलायचं.”

“बरं, आता बोलते. सात!”

चाक नऊवर थांबलं.

तिथून आमचा अभ्यास वाहवत गेला. दुसऱ्या दिवशी राजमती पदरात चिंचोके बांधून घेऊन आली. मी म्हटलं, “अगं, सकाळी पंडितजींनी सप्तव्यसनं सांगितली. त्यातलं पहिलं कुठलं ते आठवतं का?”

“जुगार,” पद्माक्का म्हणाली. “पण चिंचोक्यांचा जुगार होत नाही. त्याला खेळ म्हणतात. लाव.”

मी लावले. खोटं कशाला बोलू, मजा यायची. जत्रेत आकड्यांचं चाक फिरवणारा माणूस बसायचा, तिथं आमच्या लहानपणी आम्हाला कुणी उभं राहू द्यायचं नाही. ते चाक आता माझ्या मांडीवर होतं. आम्हाला त्याच्या खोडीसुद्धा कळल्या. हळूच सोडलं तरी ते हटकून एक आकडा पुढं सरकायचं. म्हणून आधीच्या आकड्यावर बोट दाबून त्याला पकडायला आम्ही शिकलो. महिन्याचं चाक जड होतं, तासाचं हलकं. अंगठा टेकला की शेजारचं चाकही फिरायचं, म्हणून अंगठा वर धरायचा. शेवटी शेवटी पद्माक्का तर डोळे मिटून आवाजावरून सांगायची, “सतरा,” आणि डोळे उघडले की सतरा.

कॅलेंडर कुणी परत उघडलं नाही. त्यावर पैज कशी लावणार?

चार वाजले की मी टॅब पुसायची, कपाटावर ठेवायची, वायर लावायची. त्रिशला यायची, टॅबकडं एक नजर टाकायची आणि भाकरीला बसायची. पोरगी वाळत चालली होती. तिच्या ताटात मी अर्धी भाकरी जास्त वाढायची. पण पद्माक्का म्हणायची, “काळजी करू नको, आपण पहिल्या नंबरानं पास होणार.” आम्ही कुठल्या विषयात पास होणार आहोत, हे तेव्हा आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नाही.

चाचणीच्या दिवशी निनाद सर स्वतः आले. तिशीतला, पुण्याचा, पांढऱ्या बुटांचा. बूट दाराशी काढताना एका पायावर उड्या मारल्या, ते बघून राजमती पदराआड हसली. त्रिशला त्यांच्या मागं, हातात टॅब, ओठ कोरडे.

“आजी, घाबरायचं नाही हं,” निनाद सर म्हणाले.

“नाही घाबरत,” पद्माक्का म्हणाली.

“मी आणि त्रिशला मध्ये काही बोलणार नाही. मदत करायची नाही, असा नियम आहे. तुम्ही मोठ्यानं बोलत बोलत करा. काय वाटतंय, काय कळत नाहीये, सगळं बोला.”

“सगळं?”

“सगळं.”

सगळ्यांना एकच काम दिलं होतं. डोळ्याच्या डॉक्टरची वेळ घ्यायची, तेरा फेब्रुवारी, गुरुवार, संध्याकाळी सहा. आधी कॅलेंडरवर, मग चाकावर.

शकुंतला पहिली. कॅलेंडरवर तिनं जानेवारीतच तेरा शोधली, महिना बदलायचा बाण तिला दिसेना, मग दिसला, मग दोनदा दाबला गेला आणि मार्च आला. त्रिशला हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसली होती. नियम म्हणजे नियम. अखेर शकुंतलाला तेरा सापडली. मग चाक आलं. शकुंतलाचा चेहरा खुलला. तिनं माझ्या वाटीतल्या ओल्या फडक्यावर बोट टेकलं.

“हे काय?” निनाद सरांनी विचारलं.

“थंडी आहे,” मी म्हटलं. “बोटं फुटतात.”

शकुंतलानं अंगठा वर धरला, बारावर बोट दाबलं, तेरा पकडली. महिना, तास, मिनिटं. मी पाणी पिऊन पेला खाली ठेवेपर्यंत झालंसुद्धा.

निनाद सरांनी हातातल्या फोनमधलं घड्याळ बघितलं आणि परत शकुंतलाकडं बघितलं. “वा,” म्हणाले.

राजमतीचंही तसंच. माझंही. मी मुद्दाम हळू करायचं ठरवलं होतं, कारण एव्हाना मला त्रिशलाचा चेहरा दिसत होता. पण बोट ऐकेना. सवयीनं ते बरोबर बारावर गेलं.

“बघ,” निनाद सर त्रिशलाला हळूच म्हणाले, “मी म्हणत होतो ना? चाक माणसाला आपोआप कळतं. शिकवावं लागत नाही.”

त्रिशलानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेनाचं टोपण लावून टाकलं. ते टोपण लावणं मला कळलं. लिहायचं तिला आता काही उरलं नव्हतं.

मग पद्माक्का बसली. तिनं कॅलेंडर कसंबसं उरकलं. चाक समोर आलं. तिनं फडक्यावर बोट टेकलं, हात वर नेला, आणि पकडायच्या ऐवजी असा फटकारा मारला, की चाक भिंगरीसारखं सुटलं.

“बावीस!” ती ओरडली. गिरणीचा आवाज सोप्यात घुमला. “बावीसला माझे पाच!”

चाक टकटकत हळू झालं आणि बावीसवर थांबलं. पद्माक्कानं राजमतीपुढं पंजा पसरला. “आण चिंचोके.”

आणि राजमतीनं, भली बाई, सवयीनं पदराची गाठ सोडून चिंचोके मोजून दिले.

निनाद सरांनी आधी चिंचोक्यांकडं बघितलं, मग ओल्या फडक्याच्या वाटीकडं, मग आम्हा सगळ्यांकडं.

“तुम्ही हे आधी वापरलंय?”

“आठवडाभर,” पद्माक्का म्हणाली. “अभ्यास केल्याशिवाय परीक्षेला कोण बसतं?”

“त्रिशला!”

त्रिशलाचा चेहरा पांढरा पडला होता. “सर, मला खरंच माहीत नव्हतं. मी टॅब फक्त चार्जिंगला...”

“टॅब तुझा. घर तुझं. बायका तुझ्या. आणि तुला माहीत नव्हतं? तू ह्यांना तयार करून बसवलंस. मी ह्याच्यावर विश्वास ठेवून दवाखान्याला कळवणार होतो!” ते उठले. “मार्चपर्यंतसुद्धा थांबायची गरज नाही मग.”

“साहेब, बसा,” पद्माक्का म्हणाली.

“आजी, तुम्ही ह्यात...”

“बसा म्हणते ना. एवढे शिकलेले तुम्ही, मला एवढंच सांगा. ह्या पोरीनं आम्हाला शिकवून बसवलं असतं, तर काय शिकवलं असतं? स्वतःचं कॅलेंडर का तुमचं चाक?”

निनाद सर उभेच राहिले.

“तिच्या कॅलेंडरवर आम्ही चौघी ठेचकाळलो. तुमच्या चाकावर आम्ही गाडी हाकली. स्वतःच्या पोटावर पाय आणायला शिकवणी घेते होय कुणी?”

मग ते खाली बसले. म्हणाले, “म्हणजे चाचणी वाया गेली. दोन्हीकडून.”

“वाया कशाला? एक बाकी आहे की,” मी म्हटलं.

बाळाक्का दाराशी बसली होती. आदल्याच संध्याकाळी जयसिंगपूरहून आलेली, हातात काठी, कपाळाला मफलर. एवढ्या सगळ्या गोंधळात ती एक अक्षर बोलली नव्हती. तिला वाटत होतं, दवाखान्याची माणसं खरोखरच घरी आलीत आणि डोळ्याचा नंबर देताहेत. आम्ही तिला हाताला धरून आणलं. निनाद सरांनी आम्हा चौघींना पलीकडच्या भिंतीला लावलं आणि तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. पद्माक्कानं खरोखरच बोट ठेवलं.

ह्यावेळी आधी चाक दिलं.

“आजी, तेरा फेब्रुवारी, गुरुवार, संध्याकाळी सहा. ही वेळ घ्यायची.”

बाळाक्कानं टॅब डोळ्याजवळ नेला. “वार कुठं आहे ह्यात?”

निनाद सर गप्प राहिले. नियम.

“वार कळल्याशिवाय तारीख कशी धरू?” ती स्वतःशीच पुटपुटली. एक बोट लावलं. चाक पळालं. तिनं घाबरून पूर्ण पंजा ठेवला, तशी चारही चाकं पळाली. “अगं बाई, हे सुटलं! धरा कुणीतरी!” राजमतीच्या तोंडातून फुसकन आवाज आला. बाळाक्कानं परत प्रयत्न केला. जून आला, मग नोव्हेंबर. शेवटी तिनं टॅब मांडीवर ठेवला आणि निनाद सरांकडं असं बघितलं, जणू त्यांचं वासरू तिच्या परसात शिरलंय.

“राहू दे, आजी. आता हे दुसरं बघा.”

कॅलेंडर आलं. बाळाक्का कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. ओठ हलत होते. बोट एकेका ओळीवरून सावकाश फिरत होतं, पण टेकत नव्हतं. मग बाणावर बोट गेलं, फेब्रुवारी आला. बोट तेरावर आलं. थांबलं. आणि खाली सरकून सतरावर टेकलं. चौकोन पिवळा झाला. मग वेळांची बटणं तिनं एक एक करून वाचली आणि सकाळी दहावर बोट ठेवलं.

“झालं,” ती म्हणाली.

निनाद सरांनी सुस्कारा सोडला. “दोन्ही चुकली. तेरा सांगितली, सतरा केली. सहा सांगितले, दहा केले.”

“चुकलं नाही, सर,” त्रिशला म्हणाली.

ती उठून टॅबपाशी आली.

“चुकलं नाही. त्यांनी निवडलं. विचारा त्यांना.”

निनाद सर बाळाक्काकडं वळले. “आजी, तेरा का नाही घेतली?”

“तेराला चौदस आहे. माझा उपवास. उपवासाला डोळ्यात औषध घालून घेऊ होय? आणि संध्याकाळी सहाला डॉक्टरकडं बसले, तर घरी येऊन दिवस असताना जेवू कधी? जावयाला सोमवारी सुट्टी असते. सतराला सोमवार आहे. इथं लिहिलंय की.” तिनं चौकोनावर बोट आपटलं. “सकाळी दहाला तो मला घेऊन येईल. लिहून घ्या.”

“लिहून घ्यायची गरज नाही, आजी,” त्रिशला म्हणाली. “तुम्हीच घेतली ती वेळ.”

“मी?” बाळाक्कानं टॅबकडं परत बघितलं. “मी घेतली?”

निनाद सरांनी टॅब स्वतःकडं ओढला. मग चाक उघडलं. “ठीक आहे. पण तारीख आता ठरलीय ना? मग सतरा चाकावरही येईल. बघा.” आणि त्यांनी बोटानं चाक ढकललं. चाक अठरावर थांबलं. त्यांनी मागं घेतलं, ते सोळावर गेलं. परत पुढं, परत अठरा.

“तोंडावरचं बोट काढू का?” भिंतीपासून पद्माक्कानं विचारलं.

“काढा.”

“ते हटकून एक पुढं जातं. त्याला आधीच्या आकड्यावर दाबून धरायचं असतं. आम्हाला तीन दिवस लागले कळायला.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही? मोठ्यानं बोला म्हटलं होतं ना मी!”

“अहो, म्हणून तर त्यावर पैज लावता येते,” पद्माक्का म्हणाली. “पाहिजे तिथं थांबलं असतं, तर खेळ कशाचा?”

निनाद सर तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी टॅब उलटा करून मांडीवर ठेवला आणि हसायला लागले. आधी हळू, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. राजमतीनं त्यांना पाणी दिलं, आणि वर दोन चिंचोके हातावर ठेवले.

जाताना बूट घालता घालता ते त्रिशलाला म्हणाले, “ते बाणाचं बटण मोठं कर. चौघीही तिथंच अडल्या.” मग परत वळून म्हणाले, “आणि तिथी घालता येईल का बघ. छोट्या अक्षरात.”

एवढंच बोलले. पण त्रिशला दाराला टेकून खाली बसली आणि रडायला लागली, तेव्हा आम्हाला कळलं की नोकरी राहिली.

त्या संध्याकाळी मी पद्माक्काला चांगलीच झापली. “तुझ्या जिभेला हाड नाही. तू बावीस ओरडलीस म्हणून पोरीवर आळ आला.” ती चिंचोके डब्यात भरत राहिली. मला वाटलं, ओशाळलीय.

पुढं दवाखान्यात कॅलेंडरच बसलं. बाळाक्काचा डोळा त्याच वर्षी झाला. पट्टी निघाल्यावर ती म्हणाली, बस्तीतली मूर्ती किती उजळ झाली गं, कुणी घासली? नंतर पाचसहा वर्षं तिनं चष्म्याशिवाय शास्त्र वाचलं आणि एका पहाटे झोपेतच गेली.

निनाद सरांची कंपनी वाढली. नवीन काही केलं की ते आमच्याच सोप्यात घेऊन यायचे, पण आधी आम्हा चौघींना घराबाहेर काढायचे. “तुम्ही सोडून कुणीही चालेल,” म्हणायचे. पुढं त्यांनी कंपनी विकली आणि तासगावकडं द्राक्षाची बाग घेतली. राजमती नातवंडांत रमली. शकुंतला मुलाकडं सांगलीला गेली, दिवाळीत फोन करते.

पद्माक्काला मुलानं बेळगावला नेलं. शेवटच्या वर्षी मी तिला भेटायला गेले, तेव्हा ती अंथरुणावर होती. आवाज मात्र शाबूत. खिडकीबाहेरचे कावळे उडवायची त्यानं. बोलता बोलता मी म्हटलं, “त्या दिवशी तू भान विसरून ओरडलीस, पण देवानंच ओरडायला लावलं बघ. नाहीतर चाकच जिंकलं होतं.”

“कोण भान विसरलं?” पद्माक्का म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं.

“राजमतीचं होईपर्यंत मला कळलं होतं, की आपण पोरीला बुडवलंय. तुझं बोट बघितलं, तेव्हा तर खात्रीच झाली. मग परीक्षाच मोडायची, दुसरं काय करणार? आम्ही फसवलं म्हणून नुसतं सांगितलं असतं, तर त्यानं पोरीनं शिकवून ठेवलंय असं धरलं असतं. राजमतीला चिंचोके द्यायला लावायचे होते, म्हणजे शिकवणी नाही, खेळ चालला होता हे त्याला दिसेल. ती देणार हे मला ठाऊक होतं.”

“मग इतकी वर्षं बोलली नाहीस ती? मी तुला झापली तेव्हासुद्धा?”

“तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत बस्तीत सगळ्यांना कळलं असतं. मग मला मूर्ख कुणी समजलं नसतं, सुमती. आणि मूर्ख समजतात म्हणून तर माझं चालायचं.”

त्या पावसाळ्यात ती गेली.

त्रिशला आता बेंगळुरूला मोठ्या हुद्द्यावर आहे. हाताखाली वीसेक मुलं-मुली. गेल्या महिन्यात तिचा फोन आला.

“अक्का, एक काम आहे. मला अशी एक आजी पाहिजे, जिनं ह्यातलं काही म्हणजे काही पाहिलेलं नाही. इथं कुणीच मिळेना.”

मी दुपारभर गल्लीत आणि बस्तीत विचारत फिरले. एक बाई नातीला व्हिडिओवर आमटी शिकवत होती. दुसरीनं माझा फोन जुना आहे म्हणून माझीच कीव केली. ऐंशी ओलांडलेल्या एकीला विचारलं, तर ती म्हणाली, मला सगळं येतं, आणि फोन उलटा धरून बसली होती. मी संध्याकाळी त्रिशलाला फोन लावला.

“मिळाली का कुणी?”

“नाही गं. सगळ्यांना सगळं येतं आता.”

“खरंच येतं?”

“ते कुठं? पण तुझं काम अवघड झालंय, त्रिशला,” मी म्हटलं. “आता अडलं तरी कुणी सांगणार नाही.”